आसव कोणाचे : राज्याचे की केंद्राचे?

पेण-रोहा पट्ट्यातील निडी या लहानशा गावी आमचे औषधालय आहे. पावसाळा सरत आला की दशमूलारिष्टाचे संधान घालावे, पात्राचे तोंड कापडमातीने लिंपावे, महिनाभर त्याला हात लावू नये आणि थंडी पडण्यापूर्वी गाळून कुप्या भराव्यात, हा आमचा जुना क्रम. काही वर्षांपूर्वी असेच एक संधान एकोणीस दिवसांचे असताना आमच्याकडे एका कार्यालयाचे अधिकारी आले. त्यांनी औषधनिर्मितीचा परवाना पाहिला, नोंदवही पाहिली, समाधान व्यक्त केले आणि संधान पूर्ण झाल्यावर तयार औषधाचा नमुना घेऊ असे सांगून ते गेले. चारच दिवसांनी दुसऱ्या कार्यालयाचे अधिकारी आले. त्यांना औषधाशी कर्तव्य नव्हते. पात्रात मद्यार्क किती आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही पुष्कळ विनवले, परंतु पात्र उघडले गेले, नमुना काढला गेला. पुढच्या आठवड्यात त्या पात्रातून जे निघाले ते अरिष्ट नव्हते, आंबट शुक्त होते. ते आम्ही ओतून दिले.

दोघांपैकी कोणीही अधिकारी उद्धट नव्हता आणि दोघेही आपापल्या कायद्याप्रमाणेच वागत होते. म्हणूनच हा प्रसंग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. एका अधिकाऱ्याच्या हाती संसदेने केलेला कायदा होता, दुसऱ्याच्या हाती राज्याच्या विधिमंडळाने केलेला. एकाच्या दृष्टीने पात्रात औषध होते, दुसऱ्याच्या दृष्टीने मद्य. हे दोन कायदे एकाच पात्राच्या तोंडाशी कसे येऊन ठेपले, याचा विचार आपल्या व्यवसायात फारसा होत नाही. आपण खात्यांना दोष देतो आणि मोकळे होतो. वास्तविक या प्रश्नाचे मूळ आपल्या प्रजासत्ताकाच्या अगदी पहिल्या वर्षांत आहे, आणि ते समजून घेतल्याखेरीज आपण नेमके काय मागावे हेही कळणार नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम आपल्या शास्त्राकडे पाहू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात आसवांची गणना केली आहे. धान्य, फळ, मूळ, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वचा आणि शर्करा अशा नऊ योनी सांगून त्यांपासून होणारी एकूण ८४ आसवे त्यांनी मोजली. शार्ङ्गधराने मध्यमखंडात आसव व अरिष्ट यांतील भेद स्पष्ट केला : द्रव्ये न शिजवता जलात संधान केले तर आसव, क्वाथ करून केले तर अरिष्ट. गूळ वा मध, धायटीची फुले, प्रक्षेपद्रव्ये आणि काळ यांच्या योगाने त्यात मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो. तो बाहेरून घातला जात नाही. द्रव्यांचे गुण उतरवून घेणारा, औषध टिकवणारा आणि ते शरीरात त्वरेने पोहोचवणारा असे त्याचे कार्य आहे. तेच मद्य अविचाराने घेतले तर काय होते, हे चरकांनीच मदात्ययाच्या अध्यायात विस्ताराने सांगितले आहे. म्हणजे आमच्या शास्त्राने मद्यार्काचे अस्तित्व कधी नाकारले नाही आणि त्याचा धोकाही झाकला नाही. शास्त्राने विचारले ते मात्रा, काल, अग्नी आणि प्रयोजन. कायद्यानेही हेच विचारावे, असे आमचे म्हणणे आहे. आणि जेव्हा जेव्हा त्याने हे विचारले तेव्हा तेव्हा निर्णय योग्य झाला, असे इतिहास दाखवतो.

आता त्या इतिहासाकडे वळू. मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा संमत केला आणि एप्रिल १९५० मध्ये संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. राज्यघटना अमलात येऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. या कायद्यातील मद्याची व्याख्या इतकी व्यापक होती की मद्यार्क असलेला कोणताही द्रव तीत येत असे. व्हिस्की आणि ब्रँडी तर आलीच, परंतु औषधी टॉनिके, अत्तरपाणी, टिंक्चरेही आली. आमच्या द्राक्षासवाची वा कुमारीआसवाची कुपीही त्या शब्दांतून सुटत नव्हती. मुंबईचे एक नागरिक फ्राम नसरवानजी बलसारा यांनी या कायद्यास उच्च न्यायालयात आव्हान दिले. मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांच्या खंडपीठाने ऑगस्ट १९५० मध्ये कायद्यातील काही कलमे वैध व काही अवैध ठरवली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ मे १९५१ रोजी त्याचा निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती सय्यद फझल अली यांनी लिहिले.

या निकालात दोन स्वतंत्र प्रश्न होते आणि ते दोन्ही आपण नीट वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला प्रश्न अधिकाराचा. परदेशातून येणाऱ्या मालाच्या आयातीवर कायदा करण्याचा अधिकार केंद्राचा. मग आयात केलेले मद्य बाळगण्यास व विकण्यास राज्य बंदी कशी घालू शकते? न्यायालयाने सांगितले की कायद्याचे सार पाहावे. हा कायदा मद्याविषयीचा आहे, तो विषय प्रांतांकडे सोपवलेला आहे, आणि त्याचा केंद्राच्या विषयाला थोडा स्पर्श झाला म्हणून तो अवैध ठरत नाही. मद्यार्कयुक्त सर्व द्रव व्याख्येत घेण्याचाही राज्याला अधिकार आहे. दुसरा प्रश्न नागरिकाच्या हक्काचा होता. येथे न्यायालयाने राज्याला थांबवले. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने बाळगणे, विकणे, वापरणे यांवर सरसकट बंदी घालणे हे वाजवी बंधन नव्हे, असे सांगून तेवढ्यापुरती ती कलमे अवैध ठरवली गेली.

राज्याचा अधिकार मान्य, परंतु औषधाला मद्य समजून वागवण्याचा अतिरेक अमान्य : नव्या प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या कुपीविषयी पहिल्याच वेळी जो विवेक दाखवला, तो हा होय. घटनेच्या ४७व्या अनुच्छेदातही दारूबंदीचे धोरण सांगताना औषधी प्रयोजनाचा अपवाद केलेला आहे, हे येथे लक्षात घ्यावे. पुढे १९५४ साली पेसिकाका प्रकरणात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. आपण औषधी टॉनिक घेतले होते, असे आरोपीचे म्हणणे होते. प्राशन केलेला मद्यार्क हा औषधाचा नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे, असे न्यायालयाने ठरवले. दरम्यान १९५२ साली मुंबई राज्याने आपल्या कायद्यात २४-अ हे कलम घातले. मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य अशा औषधी सिद्धींना त्याने बंदीतून वगळले, आणि एखादी सिद्धी तशी अयोग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी तज्ज्ञमंडळाची तरतूद कलम ६-अ मध्ये केली. आज ज्याला आपण महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतो, त्यात आसवारिष्टांचे रक्षण करणारी जी भिंत आहे ती हीच.

हा झाला बंदीचा भाग. आता कराचा. आमच्या भागातील जुन्या मंडळींना आठवत असेल, रोह्याच्या पलीकडे १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानाची हद्द होती. रोह्याहून मुरूडला जाणारी औषधाची पेटी ब्रिटिश मुलुखातून संस्थानी मुलुखात जात असे. देशभर असेच होते. प्रत्येक प्रांताचे मद्यार्कयुक्त औषधांवरील दर निराळे, नियम निराळे. घटनाकारांनी हा गोंधळ ओळखला होता. त्यांनी पिण्याच्या मद्यावरील उत्पादनशुल्क राज्यसूचीच्या ५१व्या नोंदीत ठेवले, परंतु त्याच नोंदीतून मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने वगळली आणि ती संघसूचीच्या ८४व्या नोंदीत घातली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. अनुच्छेद २६८ मध्ये त्यांनी सांगितले की हे शुल्क बसवावे केंद्राने, परंतु वसूल करावे राज्याने, आणि ते ठेवूनही घ्यावे राज्याने. दर सर्वत्र एक, उत्पन्न ज्याचे त्याला.

या तरतुदीनुसार संसदेने एप्रिल १९५५ मध्ये औषधी व प्रसाधन सिद्धी (उत्पादनशुल्क) कायदा केला. तो १ एप्रिल १९५७ पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात आयुर्वेदीय सिद्धींचा स्वतंत्र विचार होता. ज्यांत मद्यार्क स्वयंजनित आहे आणि ज्या सामान्य मद्यपेयाप्रमाणे पिता येत नाहीत, त्यांवर शुल्क नाही. ज्या तशा पिता येतात, त्यांवर शुल्क. येथेही कसोटी होती ती द्रव्याच्या उपयोगाची, केवळ घटकाची नव्हे.

हा कायदा झाला तेव्हा केंद्राचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून १९५२ साली लोकसभेवर निवडून गेलेले. आणि बलसारा प्रकरणाचे निकालपत्र लिहिणारे फझल अली हेच पुढे राज्यपुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाने १९५५ साली मुंबईसह द्विभाषिक राज्याची शिफारस केली, पुढे केंद्राने मुंबई शहर वेगळे काढण्याचा विचार केला, आणि त्या प्रश्नावर देशमुखांनी १९५६ साली मंत्रिपद सोडले. केंद्र आणि राज्य यांच्यातील ताण त्या दशकात किती तीव्र होता, हे मराठी माणसाला सांगावयास नको. परंतु ज्या वर्षी मुंबईचा प्रश्न देशाला हादरवत होता, त्याच वर्षी त्याच मंत्र्याच्या कार्यकाळात औषधाच्या कुपीवरील कराचा प्रश्न शांतपणे मिटवला गेला. एक प्रश्न चिघळला, दुसरा सुटला. आमच्या मते याचे कारण असे की दुसऱ्या प्रश्नात प्रथम 'ही वस्तू काय आहे' हे ठरवले गेले आणि मगच 'ही कोणाची' हे विचारले गेले. शिवाय त्यात कोणाचेच सर्वस्व गेले नाही. दर ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे राहिला, वसुली राज्याकडे राहिली.

अन्य देशांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. अमेरिकेने १९२० साली घटनादुरुस्ती करून सर्व देशावर एकच दारूबंदी लादली. तेव्हा तेथील डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधी व्हिस्की देण्याची मुभा ठेवावी लागली आणि त्या मुभेचा मोठा गैरवापर झाला. १९३३ साली ती बंदी मागे घेऊन मद्याचा विषय तेथे पुन्हा घटकराज्यांकडे सोपवला गेला. आपण आरंभापासूनच मद्य राज्यांकडे ठेवले, हे शहाणपणाचे झाले. म्हणूनच मुंबईत बंदी असताना अन्यत्र ती नव्हती. आणि १९६० साली महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाल्यावर तोच १९४९ चा कायदा दोन्ही राज्यांना वारशाने मिळाला, तरी एकाने परवान्यांची वाट मोकळी केली आणि दुसऱ्याने बंदी कायम ठेवली. मद्याबाबत असा भेद असणे योग्यच आहे. परंतु द्राक्षासव मुंबईत औषध आणि सुरतेत मद्य, असे होऊन चालणार नाही. म्हणून मद्य राज्याचे आणि औषधाचे मानक देशाचे, ही विभागणी आम्हांस न्याय्य वाटते.

मग आज अडचण कोठे आहे? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. त्यापूर्वीच्या घटनादुरुस्तीने संघसूचीतील ८४वी नोंद बदलली गेली, अनुच्छेद २६८ मधील औषधी सिद्धींचा उल्लेख गेला आणि १९५५ चा कायदाही रद्द झाला. आयुर्वेदीय औषधांवर तेव्हा १२ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला, याचे आम्ही स्वागत केले आहे. दर आता जी परिषद सुचवते तिच्यात मतांचा एक तृतीयांश भार केंद्राचा, दोन तृतीयांश राज्यांचा, आणि निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. पिण्याचे मद्य मात्र या कराच्या बाहेर, राज्यांकडेच राहिले. याचा अर्थ काय? तर औषध आणि मद्य यांच्यामधील रेषा पूर्वीपेक्षा अधिक तीक्ष्ण झाली. रेषेच्या अलीकडे सामाईक कर, पलीकडे केवळ राज्याचे शुल्क. आमची कुपी नेमकी त्या रेषेवर उभी आहे.

१९५५ च्या कायद्याबरोबर एक गोष्ट नकळत हरवली. आयुर्वेदीय स्वयंजनित मद्यार्क ही स्वतंत्र बाब आहे, असे संसदेच्या करकायद्यात स्पष्ट लिहिले होते. आता ते लिहिलेले उरले आहे ते औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत. १९४० च्या या केंद्रीय कायद्यात आयुर्वेदीय औषधांचे प्रकरण १९६४ साली घातले गेले. त्याखालील नियमांनी आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यार्काची कमाल मर्यादा १२ टक्के ठरवली आहे, आणि अधिक मद्यार्काच्या कल्पांना कुपीच्या आकाराची मर्यादा घातली आहे : कर्पूरासव १५ मिलिलिटर, मृतसंजीवनी सुरा ३० मिलिलिटर, महाद्राक्षासव १२० मिलिलिटर. या नियमाचा हेतू उघड आहे. टक्केवारी एकटी काही सांगत नाही. मात्रा आणि कुपी मिळून सांगतात. बिअरमध्ये सामान्यतः ५ ते ८ टक्के मद्यार्क असतो. केवळ टक्केवारी पाहिली तर आमचे साधे अरिष्टही बिअरहून तीव्र ठरेल. परंतु जेवणानंतर समभाग पाण्यातून १५ मिलिलिटर, दिवसातून दोनदा, अशी मात्रा घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात कमाल मर्यादेच्या अरिष्टातूनही दिवसाकाठी ३.६ मिलिलिटरहून अधिक मद्यार्क जात नाही, आणि ४५० मिलिलिटरची कुपी त्याला पंधरा दिवस पुरते. हा हिशेब ज्याने मांडला त्याला मद्य आणि औषध यांतील भेद कळला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की राज्यसूचीच्या आठव्या नोंदीतील 'मादक द्रव' या शब्दांत औद्योगिक मद्यार्कही येतो. १९८९ साली सात न्यायाधीशांनी राज्यांचा अधिकार पिण्यायोग्य मद्यापुरता संकुचित केला होता. तो निर्णय आता उरला नाही. राज्यांच्या स्वायत्ततेच्या दृष्टीने हा निर्णय मोठा आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. विषारी दारूने माणसे मरतात तेव्हा प्रेते राज्याच्या रुग्णालयात येतात. मद्यार्कावर नजर ठेवण्याचा अधिकारही राज्याकडेच असावा. मात्र त्याच बहुमताच्या निकालात असेही म्हटले आहे की मद्यार्क वापरून बनवलेले अंतिम उत्पादन, उदाहरणार्थ हात स्वच्छ करण्याचे द्रव, या नोंदीत येत नाही. हे विधान आपल्यापैकी प्रत्येकाने जपून ठेवावे.

जपून ठेवण्याचे कारणही सांगतो. १९५१ साली बलसारा प्रकरणात औषधांना जे संरक्षण मिळाले, ते अनुच्छेद १९ मधील मालमत्ता बाळगण्याच्या हक्कावर आधारलेले होते. तो हक्कच १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९ मधून काढला गेला. व्यवसायाचे स्वातंत्र्य आहे, वाजवीपणाचे तत्त्व आहे, हे खरे; परंतु ज्या पायावर आमची पहिली भिंत उभी राहिली तो पाया आज तसा नाही. रोजच्या व्यवहारात आमचे रक्षण करते ते राज्याच्या कायद्यातील कलम २४-अ, आणि ते कलम बदलणे विधिमंडळाच्या हाती आहे. म्हणून निश्चिंत राहणे परवडणारे नाही.

या परिस्थितीत आपल्यातच दोन मते ऐकू येतात. काही बंधू म्हणतात, आता २०१४ पासून केंद्रात आयुष मंत्रालय आहे, सर्वच अधिकार दिल्लीला द्यावेत आणि राज्याच्या जाचातून सुटावे. आम्हांस हे मान्य नाही. वैद्यांची नोंदवही या देशात केंद्राने प्रथम उघडली नाही. मुंबई प्रांताने १९३८ च्या कायद्याने ती उघडली. केंद्राचा भारतीय चिकित्सा परिषदेचा कायदा त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १९७० साली आला. कोकणातील दमट हवेत संधान किती दिवसांत उतरते आणि देशावर किती दिवसांत, हे दिल्लीतील कार्यालयाला कसे कळणार? तपासणी जवळच्याने करावी, हेच योग्य. याउलट काही बंधू म्हणतात, सर्व राज्यानेच पाहावे. मग प्रत्येक सीमेवर आमच्या पेट्या उघडल्या जातील आणि पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचे जंजिऱ्याचे नाके पुन्हा उभे राहील.

आमच्या दारातच याहून चांगले उदाहरण आहे. निडीच्या पुढचे स्थानक रोहा. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आहे आणि तेथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. रेल्वे हा केंद्राचा विषय; तरीही १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा केंद्राने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५ आणि गोवा व केरळ यांनी प्रत्येकी ६ टक्के भाग उचलला. रुळांची रुंदी सर्वत्र एक, भांडवल सर्वांचे. रोह्याला गाडीखालची हद्द बदलते, परंतु उतारूला खाली उतरावे लागत नाही. औषधाच्या बाबतीतही हेच व्हावे. मानक एक असावे, राबवणारा हात जवळचा असावा, आणि मधल्या हद्दीवर कुपीचे तोंड उघडावे लागू नये.

या भूमिकेतून आमच्या संघटनेने पुढील मागण्या शासनापुढे मांडाव्यात, असे आम्हांस वाटते. एक, आसवारिष्टांच्या मद्यार्काचे प्रमाण व कुपीचे आकार यांबाबत केंद्रीय औषधनियम हेच अंतिम मानावेत. औषधे हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने यात राज्याचा मानभंग नाही. दोन, परवानाधारक औषधालयाची तपासणी अन्न व औषध प्रशासनाच्या एकाच दारातून व्हावी. उत्पादनशुल्क विभागास शंका असल्यास त्याने ती लेखी कळवावी, आणि प्रत्यक्ष दारू गाळली जात असल्याचा संशय नसेल तर नमुना पूर्ण झालेल्या घाण्यातूनच घ्यावा, चालू संधानातून नव्हे. तीन, कलम ६-अ खालील तज्ज्ञमंडळावर रसशास्त्र-भैषज्यकल्पनेचा जाणकार वैद्य नेहमीच असावा. शास्त्रोक्त कल्पांविषयी मंडळाने एकदाच निर्णय देऊन तो प्रसिद्ध करावा, म्हणजे प्रत्येक गावी प्रत्येक पात्रापाशी तोच वाद नव्याने होणार नाही.

चौथी गोष्ट शासनाकडे मागावयाची नाही, ती आपण स्वतः करावयाची आहे. आसवाच्या नावाखाली दारू विकणारे आपल्या व्यवसायात झाले आहेत, हे आपण सर्व जाणतो. संध्याकाळी दुकानाशी येऊन एकदम चार कुप्या मागणारा गिऱ्हाईक रुग्ण नसतो, हे औषधविक्रेत्याला सांगावे लागत नाही; तरी कधी कधी कुप्या दिल्या जातात. संधानात बाहेरून मद्यार्क मिसळून त्याला स्वयंजनित म्हणणारेही आहेत. ज्या दिवशी आपली कुपी खरोखरच मद्य म्हणून प्यायली जाते, त्या दिवशी ती रेषेच्या पलीकडे जाते आणि राज्याचा हात तिच्यावर पडणे न्याय्य ठरते. तेथे कोणतीही सूची, कोणतीही नोंद आपल्याला वाचवणार नाही आणि वाचवूही नये. म्हणून प्रत्येक घाण्याची नोंद, मद्यार्काचे परीक्षण, लेबलावर स्पष्ट प्रमाण व मात्रा, आणि शंकास्पद विक्रीस नकार, हे नियम आपण स्वतःवर घालून घेतले पाहिजेत. शासनाने विवेक दाखवावा असे म्हणण्याचा अधिकार तेव्हाच आपल्याला येईल.

लहान औषधालये आज आसवारिष्टे करणे सोडून देत आहेत. चूर्ण आणि वटी करावी, काढे करावेत, परंतु संधानाच्या भानगडीत पडू नये, असे तरुण वैद्य म्हणू लागले आहेत. ही स्थिती बदलली नाही तर ज्या ८४ आसवांची गणना चरकांनी केली, ती पुढील पिढीला केवळ परीक्षेपुरती ठाऊक असतील, आणि करण्याचा हात फक्त मोठ्या कारखान्यांतच उरेल. मोठ्या कारखान्यांविषयी आम्हांस आदर आहे. १८७२ साली पनवेलला सुरू झालेल्या धूतपापेश्वराने आमच्या संपूर्ण प्रदेशाला औषधनिर्मितीची दृष्टी दिली. परंतु वैद्याने आपल्या रुग्णासाठी आपल्या हाताने संधान घालावे, हीदेखील एक परंपरा आहे आणि ती सोडवत नाही.

औषधाला औषध म्हणून ओळखा, मग त्यावर अधिकार कोणाचा हे खुशाल ठरवा : सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली आणि संसदेने १९५५ साली जे केले, त्याहून अधिक आम्ही काही मागत नाही. आगामी अधिवेशनात या विषयावर ठराव यावा आणि त्यापूर्वी सभासदांनी आपापल्या जिल्ह्यातील अनुभव लेखी कळवावेत, अशी विनंती आहे. आमच्याकडे या वर्षीही दशमूलारिष्टाचे संधान घातले जाईल. पात्राचे तोंड लिंपताना त्यावर तिथी लिहिण्याची पद्धत आहे. आता तिच्याखाली आम्ही परवान्याचा क्रमांकही लिहीत असतो.